गोचीड सर्वेक्षण

गोचीड सर्वेक्षण : विशिष्ट प्रदेशात गोचिडांच्या कोणत्या जाती, कोणत्या ऋतूत, कोणत्या अवस्थेत व कोणत्या पोषक प्राण्यांवर (ज्यांचे रक्त शोषून गोचीड जगतात त्या प्राण्यांवर) आढळतात आणि त्यांच्या शरीरात रोगकारक सूक्ष्मजीव आहेत की काय, यांचा पद्धतशीर शोध घेण्याच्या कार्यास गोचीड सर्वेक्षण म्हणतात. गोचीड हे कोळी व विंचू यांच्याप्रमाणे अष्टपाद वर्गातील प्राणी आहेत. रक्तशोषणाच्या उपद्रवापेक्षा रोगवाहक म्हणून त्यांचे महत्त्व पुष्कळच अधिक आहे. गुरांतील टेक्सस ज्वर गोचिडांमार्फत पसरतो, हे थीओबॉल्ड स्मिथ व एफ्. एल्. किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर विषाणू, रिकेट्सिया, जीवाणू व आदिजीव (एकाच कोशिकेचे बनलेले प्राणी) अशा चारही गटांतील रोगकारकांचा प्रसार गोचिडांमार्फत होतो, असे आढळून आले. भारतातील गुरांचे बबेसिया व थायलेरिया या आदिजीवांमुळे होणारे ज्वर पशुपालकांच्या परिचयाचे आहेत.

सर्वेक्षणाने तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे मिळवावयाची असतात : त्या जागी गोचीड आहेत काय, त्यांच्यात सूक्ष्मजीव आहे काय आणि ते गोचीड तो सूक्ष्मजीव माणसाला वा जनावराला देऊ शकतात काय. पहिल्या प्रश्नाच्या होकारार्थी उत्तरावरून दुसऱ्याचे व दुसऱ्यावरून तिसऱ्याचे उत्तर गृहीत धरता येत नाही. व्यवहारात मात्र ही गल्लत वारंवार होते; तीमुळे कोठे अकारण घबराट पसरते, तर कोठे खोटी निश्चिंतता निर्माण होते. भारतात या तीनही प्रश्नांचा विशेष कसोशीने पाठपुरावा झाला तो क्यासनूर अरण्य रोगाच्या (माकडतापाच्या) बाबतीत. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याच रोगाच्या आधारे विवेचन केले आहे.

क्यासनूरचे अन्वेषण : १९५७ च्या प्रारंभी त्यावेळच्या म्हैसूर राज्यातील (आताच्या कर्नाटकातील) शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात जंगलातील माकडे मोठ्या संख्येने मरू लागली व लगतच्या खेड्यांत तीव्र तापाची साथ उद्‌भवली. माकडांच्या मृत्यूमुळे आरंभी पीतज्वराची शंका घेतली गेली; पीतज्वर आशियात कधीही आढळलेला नसल्याने ती शंका गंभीर होती. पुणे येथील विषाणू संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) टेलफोर्ड वर्क यांच्या मार्गदर्शनाखाली तपास हाती घेतला व माकडे आणि रुग्ण यांच्यापासून एक नवा विषाणू वेगळा केला. रशियातील वसंत-ग्रीष्मकालीन मस्तिष्कशोथाच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते असल्याचे दिसून आले. रशियातील तो रोग गोचिडांमार्फत पसरत असल्याने शोधाची दिशा डासांकडून गोचिडांकडे वळली. हॅरल्ड ट्रॅपिडो व त्यांचे सहकारी यांनी जंगलातून गोळा केलेल्या गोचिडांतून हा विषाणू मिळविला. हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही जाती त्याची प्रमुख वाहक ठरली. याच कार्यात हीमॅफायसॅलिस क्यासनूरेन्सिस या नव्या जातीचाही शोध लागून तिचे वर्णन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सायबीरियातून येणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून हा विषाणू दक्षिण भारतात आला असावा, अशीही एक कल्पना त्यावेळी मांडली गेली. तिची शहानिशा करण्याच्या उद्देशाने बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांना वलये घालण्याचा व्यापक प्रकल्प सुरू केला. या कल्पनेला पुष्टी मिळाली नाही. पण भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराविषयीचे ज्ञान त्या प्रकल्पामुळे कितीतरी वाढले.

जीवनचक्र व ऋतुमान : हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा हा तीन पोषकांवर जगणारा गोचीड आहे. अंड्यातून बाहेर पडणारा सहा पायांचा डिंभ एका प्राण्यावर पोटभर रक्त शोषून जमिनीवर गळून पडतो व कात टाकून आठ पायांचे अर्भक बनतो. अर्भक दुसऱ्या प्राण्यावर पोसले जाते व पुन्हा कात टाकून प्रौढ बनते. प्रौढ गोचीड गुरांसारख्या मोठ्या प्राण्यांचे रक्त शोषतात. डिंभ व अर्भके उंदीर, चिचुंद्री, पक्षी व माकडे यांवर आढळतात. माणसाला चिकटतात ती बहुधा अर्भके. प्रौढ गोचिडांचा सुळसुळाट पावसाळ्यात, डिंभांचा पावसाळा संपल्यानंतर आणि अर्भकांचा साधारणपणे डिसेंबर ते मे या काळात असतो. माणसांतील रोगाचा हंगामही नेमका हाच आहे. ऐन पावसाळ्यात पाहणी करून ‘अर्भके आढळली नाहीत’ असा निर्वाळा देणाऱ्या अहवालास त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

डिंभाने विषाणुयुक्त रक्त शोषल्यास विषाणू कात टाकल्यानंतरही त्याच्या शरीरात टिकून राहतो व पुढील अवस्थेत दुसऱ्या पोषकाकडे जातो. माकडाच्या रक्तात विषाणूची वाढ विपुल होते. असे माकड मरून त्याचे शरीर थंड पडले, की त्यावरील गोचीड ते सोडून आसपासच्या पालापाचोळ्यात शिरतात. त्यांतील डिंभांची अर्भके झाली, की जंगलाचा तेवढा तुकडा अत्यंत धोक्याचा बनतो. गुरांच्या रक्तात विषाणूची लक्षणीय वाढ होत नाही. परंतु प्रौढ माद्यांना भरपूर अन्न पुरवून ती गोचिडांची संख्या वाढवितात. जंगलतोड करून केलेल्या वसाहती व जंगलाच्या कडेला वाढलेली गुरचराई यांचा रोगाच्या उद्रेकाशी असलेला संबंध होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये विशद केला, तो याच निरीक्षणांच्या आधारे. पुढे १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर मोठी साथ आली.

नमुने गोळा करणे : भुकेला गोचीड गवताच्या किंवा पानाच्या टोकाशी चढून पुढचे पाय पसरून वाट पाहत बसतो. पुढच्या पायांवरील विशिष्ट संवेदनांगाने त्याला प्राण्याचा गंध, उष्णता व उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड यांची जाणीव होते. जवळून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला तो चिकटतो. या सवयीचा उपयोग करून पांढऱ्या फ्लॅनेलचे कापड काठीला बांधून पालापाचोळ्यावरून संथपणे ओढतात व ठराविक अंतराने उलटून त्यावरील गोचीड बारीक चिमट्याने किंवा कुंचल्याने उचलतात. पद्धत इतकी साधी आहे, की तिच्या मर्यादा सहज विसरल्या जातात. कापडावर केवळ त्या क्षणी भुकेले असलेले गोचीड येतात. पोसलेले, कात टाकण्याच्या तयारीत असलेले वा बिळांत राहणारे येत नाहीत. दवाने वा पावसाने कापड ओले झाले, की ते जवळजवळ निरुपयोगी ठरते. एका मादीने घातलेल्या हजारो अंड्यांतून निघालेले डिंभ एकाच झुडपाशी घोळक्याने असतात. त्यामुळे दहा पावलांवर कापड रिते राहते व अकराव्या पावलावर शेकडो डिंभ चिकटतात. यास्तव किती अंतर वा किती वेळ कापड ओढले, याची नोंद संख्येइतकीच आवश्यक असते. जोडीला पिंजऱ्यात पकडलेले उंदीर व चिचुंद्र्या आणि चरून आलेली गुरे यांच्या अंगावरील गोचीडही तपासावे लागतात. गुरांचे कान, गळ्याखालची पोळी, कास व शेपटीचा बुंधा या जागा विशेष बारकाईने पाहतात.

हे काम करणाऱ्यालाच प्रथम गोचीड चावण्याचा संभव असतो. अंगभर कपडे, पायमोज्यांत खोवलेल्या विजारी, गमबूट व गोचीड दूर ठेवणारी तैले यांचा वापर करून, परतल्यावर संपूर्ण शरीराची तपासणी करणे अनिवार्य असते. प्रयोगशाळेतही या विषाणूची लागण झाल्याची अनेक उदाहरणे आहेत.

परीक्षण : जाती व अवस्था यांची ओळख थंड पृष्ठावर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पटविली जाते. प्रौढांच्या बाबतीत हे फारसे अवघड नसते. डिंभांच्या बाबतीत मात्र अनुभवी तज्ञालाही जाती सांगताना सावध राहावे लागते. त्यानंतर एकाच ठिकाणचे, एकाच जातीचे व अवस्थेचे गोचीड एकत्र करून त्यांचा गट वाटून द्रव तयार करतात. पूर्वी तो पिणाऱ्या उंदरांच्या पिलांच्या मेंदूत टोचून विषाणूची वाढ होते की नाही, हे पाहत. २०१० नंतरच्या दशकात विषाणूच्या जननिक द्रव्याचे अनेक पटींनी गुणन करून त्याचे अस्तित्व ओळखण्याची पद्धती रूढ झाली. ती जलद आहे. मात्र तीमधून जिवंत विषाणू हाती येत नाही.

गटाने तपासणी केल्यामुळे निष्कर्ष काढताना गणिताचे भान ठेवावे लागते. समजा, १,००० अर्भकांचे प्रत्येकी ५० चे २० गट केले व त्यांपैकी २ गटांत विषाणू सापडला, तर हजारांत किमान २ अर्भके संक्रामित होती, एवढेच म्हणता येते. शेकडा १० गोचीड विषारी आहेत, असे विधान केल्यास ते सर्वस्वी चुकीचे ठरेल. तसेच नुकताच पोसलेला गोचीड रोगी जनावरावरून काढला असेल, तर त्याच्या पोटातील रक्तातच विषाणू असू शकतो. तेवढ्याने तो वाहक ठरत नाही. पुढील अवस्थेत तो निरोगी प्राण्याला विषाणू देतो, हे प्रयोगाने दिसावे लागते. क्यासनूरचा विषाणू गोचिडांच्या अनेक जातींतून मिळाला आहे, तरी माणसाच्या दृष्टीने खऱ्या महत्त्वाच्या जाती थोड्याच आहेत. जीवाणूंच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. कॉक्सिएला व रिकेट्सिया यांच्याशी नाते असलेले निरुपद्रवी सहजीवी सूक्ष्मजीव अनेक गोचिडांत स्वभावतःच असतात व ढोबळ चाचणीत ते रोगकारक भासतात.

उपयोग : माकडतापावर विशिष्ट औषध उपलब्ध नाही. रुग्णांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के दगावतात. कर्नाटकात दीर्घकाळ देण्यात येणाऱ्या निष्क्रिय विषाणूच्या लशीची परिणामकारकता अपुरी आढळल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. अशा स्थितीत रोगाची पूर्वसूचना मिळविणे, हाच संरक्षणाचा मुख्य मार्ग उरतो. मृत माकडाची वार्ता मिळताच सभोवतालच्या क्षेत्रातील गोचीड तपासणे, तेथे मॅलॅथिऑनसारखे कीटकनाशक धुरळणे व लोकांना त्या भागात सरपणासाठी जाण्यापासून परावृत्त करणे, ही त्याची रीत होय. रोगाचा प्रदेश कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरता मर्यादित असल्याची समजूत २०१२ नंतर टिकली नाही. विषाणू बंदीपूर व निलगिरीच्या परिसरात, २०१३ मध्ये केरळातील वायनाडमध्ये, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात आढळून आला. यांतील कित्येक ठिकाणी रोगाचे अस्तित्व प्रथम माणूस आजारी पडल्यावरच कळले, गोचिडांची तपासणी नंतर झाली. गोवा व दक्षिण कोकणात काजू गोळा करण्याचा हंगाम व अर्भकांचा हंगाम बव्हंशी एकच असल्याने बागाईत काम करणाऱ्या मजुरांना विशेष धोका पोहोचतो. तेथील पाहणी डिसेंबरपूर्वी सुरू होऊन तीत काजूच्या बागा व त्यांना लागून असलेले जंगल या दोहोंचा समावेश होणे इष्ट आहे.

नमुन्यांचे जतन हेतूनुसार निरनिराळे असते. जाती ओळखण्यापुरते गोचीड ७० टक्के अल्कोहॉलात ठेवतात. जिवंत विषाणू मिळवावयाचा असल्यास ते ओलसर गवताची काडी घातलेल्या कुपीत जिवंतच प्रयोगशाळेत नेतात किंवा अतिशीत अवस्थेत पाठवितात. कुपीवर स्थळ, दिनांक, पोषक प्राणी व नमुना घेण्याची पद्धत यांची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आतच घालण्याचा प्रघात आहे. कारण शाईचा मजकूर अल्कोहॉलात विरघळतो व बाहेरची चिठ्ठी हमखास गळून पडते.