मूल पोपट नव्हे

भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असले की त्या भिंतीला तोंडही फुटते. आईने भाजीवाल्याला सुनावलेले, बापाने घरमालकाविषयी पुटपुटलेले, ते सारे पाहुण्यांसमोर म्हणून दाखवते. आपण हसतो आणि म्हणतो, "पोपट आहे नुसता!" या कौतुकात एक गैरसमज दडलेला आहे. तो दूर करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पोपट ऐकलेले परत करतो. मूल ऐकलेले मोडून पाहते आणि त्यातून नवे जुळवते. घरातलाच दाखला घ्या. मूल 'बसला', 'उठला', 'पडला' ऐकते आणि एके दिवशी म्हणते, "बाबा जाला." 'जाला' त्याला कोणी शिकवले? घरात कोणीच तसे बोलत नाही. 'बस'चे 'बसला' होते, तर 'जा'चे 'जाला' का होऊ नये, असा हिशेब त्या चिमुकल्या डोक्याने केलेला असतो. हिशेब चोख आहे. नियम मोडला तो भाषेने. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन विदुषीने हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून तिने त्याचे 'वग' असे बनावट नाव सांगितले. मग विचारले, असे दोन असले तर काय म्हणाल? बहुतेकांनी इंग्रजीच्या रीतीने 'वग्ज' असे अनेकवचन केले. जो शब्दच कोणी कधी उच्चारला नव्हता, त्याचे अनेकवचन मुलांनी कोणाचे ऐकले असणार?

ऐकण्याचे हे काम बोलण्याच्या फार आधी सुरू होते. 'ताक' आणि 'टाक' यांतला भेद आपल्याला सोपा वाटतो. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाच्या कानाला तो सहसा कळत नाही. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या बाळांना हिंदीतले हे त आणि ट ऐकवले. त्यांचा निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना भेद कळत होता. वर्षाच्या सुमारास तो बहुतेकांना कळेनासा झाला. तात्पर्य, पाळण्यातले मूल घरची भाषा निवडून घेत असते. जे कानी पडते ते टिकते, पडत नाही ते गळते.

म्हणून मुलाच्या कानी कोण पडतो, हा प्रश्न महत्त्वाचा. दिवसभर आईपाशी असणारा मुलगा पुष्कळदा "मी जाते", "मी खाते" असे म्हणतो. (कोल्हापूरकडे बायकाही 'मी जातो' म्हणतात, तो भाग वेगळा.) बापाचे, थोरल्या भावाचे 'जातो' कानी पडत गेले की तो आपोआप सुधारतो, त्यात काळजीचे काही नाही. पण मी कामगार वस्तीत हिंडणारा माणूस. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा बाप घरी येतो तेव्हा मूल निजलेले असते, आणि मूल उठते तेव्हा तो गेलेला असतो. त्या घरातला मुलगा बापाचे 'जातो' ऐकणार केव्हा?

ही उणीव यंत्राने भरून निघेल काय? पॅट्रिशिया कुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या माणसाकडून बाळे तिचे ध्वनी ओळखायला शिकली; तेच बोलणे पडद्यावरून ऐकवले, तेव्हा शिकली नाहीत. रडणाऱ्या पोराच्या हाती मोबाइल देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता स्वतःची गोष्ट सांगतो. माझी लेक अडीच वर्षांची असताना बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती. एकाएकी तिला खाली ठेवून म्हणाली, "आता नाही गं, मीटिंग आहे." घरातले सारे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप लागेना. ते वाक्य कोणी, कोणाला, केव्हा म्हणायचे, हे तिने अचूक हेरले होते. पोपटाला हे जमत नाही. दुसऱ्यांच्या कामाचे तास कमी व्हावेत म्हणून मी गावोगाव भाषणे करीत होतो, आणि माझ्या लेकीने माझ्याकडून उचललेले वाक्य हे होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करीत तेथे पाळणाघर बंधनकारक केले; १९७६ साली ही मर्यादा तीसवर आली. आम्ही या गोष्टींकडे विश्रांती आणि सोय म्हणून पाहत आलो. माझ्या मते त्यांत मुलाच्या भाषेचाही हक्क आहे. आईबापांच्या कामाचे तास वाढले की मुलाची शाळा घरातूनच उठते.

वेळ थोडा असला तरी एक करता येते. मूल "बाबा जाला" म्हणाले तर हसू नये, दटावूही नये. "हो, बाबा कामावर गेला, संध्याकाळी येईल," असे म्हणून त्याचे वाक्य पुढे न्यावे. तीन वर्षांचे होत आले तरी मूल केवळ ऐकलेलेच म्हणत असेल, स्वतःचे काही बोलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून कान तपासून घ्यावेत. एरवी ते जे परत म्हणते, ते आपणच ऐकावे. आपल्या घरात काय बोलले जाते, हे इतक्या स्पष्टपणे दुसरे कोणी सांगत नाही.