कॅमेऱ्याची सीमांत उपयोगिता

सोनीने २०१२ मध्ये आणलेला आरएक्स १०० हा खिशात मावणारा कॅमेरा २४० ग्रॅम वजनाचा, २० मेगापिक्सेलचा. त्याच कंपनीचा २०१८ चा ए ७ थ्री २४ मेगापिक्सेलचा. वजन मात्र भिंगाविनाच ६५० ग्रॅम. मेगापिक्सेलमधील अंतर किरकोळ भासते. खरा फरक प्रकाशग्राही पटलाच्या क्षेत्रफळात आहे. नव्यात ते सातपटीहून अधिक असल्याने मांडवातल्या मंद उजेडातही चित्र स्वच्छ उमटते. लग्नसराईवर पोट असणाऱ्या छायाचित्रकाराने त्यासाठी कर्ज काढले, तर ते समजण्याजोगे आहे. पण भिंगांचा खर्च पुढे चालूच राहतो, हे हप्ता ठरविताना सहसा विसरले जाते. हौशी प्रवाशाची गोष्ट निराळी. भर उन्हातला किल्ला पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापला, तर दोहोंतील भेद ओळखणे कठीण. आणि जड कॅमेरा तर पुष्कळदा घरच्या कपाटातच राहतो.