नव्या शाखेची कचेरी मुख्य कचेरीशी कशी जोडतात?

देवासला संस्थेची शाखा निघणार हे कळल्यापासून, "तेथला संगणक इंदूरच्या वह्या कशा उघडणार?" असे अनेक सभासद आम्हांस विचारीत आहेत. त्यासाठी स्वतंत्र तार टाकावी लागत नाही. दोहोंकडे इंटरनेट असतेच. त्या सार्वजनिक रस्त्यातूनच खासगी बोगदा काढावयाचा. यास व्हीपीएन म्हणतात. एका टोकाचा राऊटर मजकूर कुलूपबंद पेटीत घालतो, दुसऱ्या टोकाचा ती उघडतो. वाटेत पेटी कोणाच्या हाती पडली तरी आतले वाचता येत नाही.

खरी मेख आहे ती पत्त्यांत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखलेले असून ते कोणीही आपल्या इमारतीत वापरावेत. परंतु बाजारातून आणलेले राऊटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हीच मालिका धरून बसतात. दोन्ही कचेऱ्यांत एकच मालिका असली, की देवासचा संगणक इंदूरच्या १९२.१६८.१.१० ला हाक मारतो, आणि ती देवासच्याच भिंतींत घुमते. बोगद्याच्या तोंडापर्यंत जातच नाही. यास्तव आधी देवासची मालिका बदलून, समजा, १९२.१६८.२० करावी, आणि पलीकडे कोणती मालिका आहे हे दोन्ही राऊटरांस सांगून ठेवावे. एकासच सांगितले तर निरोप जातो, उत्तर परतत नाही. हे आरंभीच केले तर काम थोडे. मागाहून छपाईयंत्रांसुद्धा एकेकाचे पत्ते बदलीत बसावे लागते.

बोगद्याचे एक टोक तरी बाहेरून सापडले पाहिजे. साध्या जोडणीत कंपन्या पुष्कळदा अनेक गिऱ्हाइकांस मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणून इंदूरला जास्त पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा आणि हाक नेहमी देवासने मारावी.

बोगदा झाला म्हणून सर्व दालने उघडी टाकावीत असे मात्र नाही. वैद्यकीय साहाय्याच्या अर्जांत कुटुंबांनी आजार व उत्पन्न विश्वासाने लिहिलेले असते. शाखेच्या कारकुनास देणग्यांच्या पावत्या व विद्यार्थी-साहाय्याची वही पुरे. तेवढीच वाट राऊटरमध्ये मोकळी ठेवावी. सभागृहात पाहुण्यांना दिलेला वायफाय तर या जाळ्यापासून अगदी वेगळा हवा. (लग्नसराईत त्याचा पासवर्ड साऱ्या गावास ठाऊक असतो!)

इंटरनेट बंद पडले की बोगदाही बंद. अशा दिवसांसाठी शाखेत छापील पावतीपुस्तक असावे आणि जोडणी परत आल्यावर त्याच संध्याकाळी नोंदी चढवाव्यात.