नाव एक, ओळख वेगळी : इमारतीच्या प्रतिमानातील माहितीची व्यवस्था

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, कोरमंगलापासून सर्जापूर गावाच्या दिशेने जाणारा सर्जापूर रोड गेल्या काही दशकांत ओळखू येणार नाही इतका बदलला आहे. बेळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नळ्ळी ही एके काळी तळ्याकाठची खेडी होती. आज तेथे संगणक-व्यवसायाची कार्यालये व बहुमजली निवासी संकुले उभी आहेत. विप्रो कंपनीचे मुख्यालय दोड्डकन्नळ्ळी येथेच आहे. अशी एखादी बहुमजली इमारत उभी करण्यासाठी वास्तुशिल्पज्ञ, संरचना अभियंता, वीज व पाणीपुरवठ्याचे तज्ज्ञ, अग्निशमनाचे सल्लागार आणि ठेकेदार अशा अनेकांना एकाच वस्तूविषयीची माहिती परस्परांना द्यावी लागते. ती बिनचूक कशी द्यावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कागदावरील नकाशात दरवाजा म्हणजे दोन रेषा आणि एक कंस. तो लाकडी आहे की पोलादी, आगीपुढे किती वेळ टिकेल, हे त्या रेषांवरून कळत नाही. त्यासाठी वेगळा तक्ता पाहावा लागतो. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग किंवा संक्षेपाने ‘बिम’ या पद्धतीत दरवाजा ही रेषांची आकृती नसून माहिती बाळगणारी वस्तू असते. तिची रुंदी, उंची, घडणीचे द्रव्य, अग्निरोधाचा कालावधी अशा प्रत्येक गुणासाठी एक रकाना ठेवलेला असतो. या रकान्याला पॅरामीटर म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘प्राचल’ ही संज्ञा आहे.

या कामासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ‘रेव्हिट’ ही संगणक-प्रणाली २००० साली अमेरिकेत प्रथम बाजारात आली आणि २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने ती विकत घेतली. तिच्यात प्राचलांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत. पहिला प्रकार वस्तूच्या साच्यापुरता मर्यादित असतो. दरवाजाच्या चौकटीची जाडी हे त्याचे उदाहरण. असे प्राचल साच्याबाहेरच्या तक्त्यात दिसत नाही. दुसरा प्रकार प्रकल्प-प्राचलाचा. एका प्रकल्पातील सर्व दरवाजांना ‘बसविण्याचा टप्पा’ असा रकाना जोडायचा असेल, तर हा मार्ग सोयीचा ठरतो. त्याची नोंद तक्त्यात घेता येते. परंतु नकाशावर वस्तूशेजारी लावावयाच्या चिठ्ठीत ती उमटत नाही आणि दुसऱ्या प्रकल्पाला त्या रकान्याची ओळख नसते. तिसरा प्रकार सामायिक प्राचलाचा. त्याची व्याख्या प्रकल्पाच्या बाहेर, एका स्वतंत्र मजकूर-फाइलीत ठेवलेली असते. त्यामुळे ते अनेक साच्यांत व अनेक प्रकल्पांत वापरता येते आणि तक्ता व चिठ्ठी या दोन्ही ठिकाणी दिसते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. संगणक सामायिक प्राचलाला त्याच्या नावाने ओळखत नाही. व्याख्या तयार होताच तिला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो आणि तोच तिची खरी ओळख असतो. महाराष्ट्रात वडगाव नावाची कितीतरी गावे आहेत. मावळातले वडगाव आणि पुण्याजवळचे वडगाव शेरी यांत लोक विशेषणाने भेद करतात, तर जनगणनेच्या दफ्तरात प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक असतो. नुसते ‘वडगाव’ असे लिहून पाठविलेले पत्र भलत्याच गावी जाण्याचा संभव असतो. प्राचलांचेही तसेच आहे.

उदाहरणादाखल सर्जापूर रोडवरील एका वीस मजली इमारतीची कल्पना करावी. वास्तुशिल्पज्ञाच्या कार्यालयाने ‘अग्निरोध कालावधी’ असे सामायिक प्राचल तयार केले. दरवाजे पुरविणाऱ्याने आपल्या साच्यांसाठी त्याच नावाचे दुसरे प्राचल स्वतंत्रपणे तयार केले. नावे तंतोतंत सारखी, पण ओळखक्रमांक निराळे. तक्ता काढला असता एकाच नावाचे दोन रकाने उपलब्ध दिसतात. त्यांपैकी एकच निवडला, तर जिन्याकडील काही दरवाजांपुढे १२० मिनिटे अशी नोंद दिसते आणि उरलेल्यांपुढे जागा रिकामी राहते. माहिती भरलेली असूनही ती दिसत नाही. रिकाम्या जागेचा अर्थ ‘साधा दरवाजा’ असा लावून कोणी मागणी नोंदविली, तर आगीच्या प्रसंगी सुटकेचा मार्ग धुराने भरण्याचा धोका निर्माण होतो. चूक रकान्याची, परंतु किंमत रहिवाशांना मोजावी लागते.

म्हणून व्यवस्थेचे काही नियम पाळणे अगत्याचे ठरते. सामायिक प्राचलांची फाइल संस्थेत एकच असावी आणि तिची जबाबदारी एका जाणकार व्यक्तीकडे असावी. नवी व्याख्या करण्यापूर्वी जुनी उपलब्ध आहे काय, हे पाहावे. दरवाजे, विद्युत, जलव्यवस्था असे गट पाडून नावांची एकच पद्धत ठरवावी. मूल्य अंकात येणार की शब्दांत, हे आधीच निश्चित करावे. कारण व्याख्येचा माहिती-प्रकार नंतर बदलता येत नाही. गुण संपूर्ण प्रकाराचा आहे की एकेका नगाचा, हेही ठरवावे : दरवाजाची रुंदी बहुधा प्रकाराची असते, त्याचा क्रमांक मात्र नगाचा. फाइल हरवल्यास तीच नावे पुन्हा लिहून काढणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे नवे ओळखक्रमांक जन्मास येतात. ज्या प्रतिमानात व्याख्या शिल्लक असेल तेथून ती मूळ क्रमांकासह परत काढावी. एका प्रकल्पापुरतीच गरज असेल तेथे प्रकल्प-प्राचल पुरेसे असते. प्रत्येक गोष्ट सामायिक केल्यास फाइलीची अडगळ होते.

प्रश्न केवळ एका प्रणालीचा नाही. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशनने ‘पंचमितीय बिम’ स्वीकारले. तेथील पहिल्या टप्प्यातील एका भागाचे उद्घाटन मार्च २०१९ मध्ये झाले. पंचमितीय म्हणजे त्रिमितीय प्रतिमानाला वेळापत्रक आणि खर्च यांची जोड. एखादा खांब आराखड्यात, वेळापत्रकात आणि हिशेबात एकाच सांकेतांकाने ओळखला गेला, तरच अशी जोडणी शक्य होते. प्रणाली भिन्न असल्या तरी तत्त्व तेच राहते. याच हेतूने प्रणालींमधील देवघेवीसाठी ‘आयएफसी’ ही मांडणी २०१३ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून पूर्णपणे स्वीकारली गेली. तिच्यात दरवाजाच्या अग्निरोधासाठी ठरलेला रकाना आहे. बांधकामविषयक माहितीच्या व्यवस्थापनाची ‘आयएसओ १९६५०’ ही मानकमाला २०१८ पासून प्रसिद्ध होऊ लागली.

इमारत बांधून होण्यास काही वर्षे लागतात; ती वापरली जाते अनेक दशके. पुढे कधी दरवाजा बदलण्याची वेळ येईल, तेव्हा मूळ आराखडा काढणारे बहुधा तेथे नसतील. देखभाल करणाऱ्याच्या हाती उरेल तो माहितीचा तक्ता. त्यातील प्रत्येक रकाना कोणाचा व कशासाठी, हे आरंभीच ठरलेले असेल, तर त्या माणसाला दरवाजा उघडून पाहण्याआधीच तो किती मिनिटे आग थोपवील हे सांगता येईल.