महादेवपुऱ्यात ग्रीक पद्धतीचा मासा

बंगळूरच्या पूर्व भागातील महादेवपुरा समुद्रापासून बराच दूर आहे. पश्चिमेचे मंगळूर आणि पूर्वेचे चेन्नई ही दोन्ही बंदरे येथून सुमारे ३५० किलोमीटरवर आहेत. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरात आता ओव्हन आढळतो, ऑलिव्ह तेलाची बाटलीही दिसते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ग्रीक पद्धतीने मासा करण्याचा बेत सहज ठरतो. तो साधेल की फसेल, हे मात्र पाककृतीपेक्षा बाजारातील निवडीवर अवलंबून असते.

ग्रीक पद्धतीत हळद, तिखट किंवा नारळाचे वाटण नसते. मीठ, ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण आणि 'रिगानी' म्हणजे वाळवलेला ओरेगानो एवढ्यावर काम भागते. झणझणीत कालवणात मासळीचा किंचित शिळेपणा खपून जातो. येथे तो पहिल्या घासालाच कळतो. समुद्री मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होते आणि उग्र वास सुटतो. आम्लामुळे हा वास दबतो. कोकणात जे काम कोकम आणि चिंच करतात, तेच ग्रीसमध्ये लिंबू करते.

मात्र केवळ वासावर विसंबणे धोक्याचे आहे. बांगडा, कुपा अशा गडद मांसाच्या माशांना पुरेसा बर्फ मिळाला नाही, तर जिवाणूंमुळे त्यांत हिस्टामिन साठते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही आणि गोठवल्यानेही जात नाही. असा मासा दिसायला चांगला असू शकतो. पण खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर पुरळ उठणे, डोके दुखणे असा त्रास होतो. म्हणून लांबून आलेली मासळी घेताना ती बर्फात पुरलेली आहे की नुसती बर्फावर मांडली आहे, हे आधी पाहावे. डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लालभडक आणि बोटाने दाबल्यावर लगेच वर येणारे मांस या खुणा तर आपल्याकडच्या जाणत्या गृहिणींना सांगायला नकोत.

बंगळूरच्या बाजारात मराठी ग्राहकाची खरी अडचण नावांची होते. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटमध्ये काय किंवा महादेवपुऱ्यातील दुकानात काय, सुरमई 'अंजल' होते, बांगडा 'बंगुडे', तारली 'भूताई' आणि मुडदुशी 'काणे'. ग्रीक लोक 'लावराकी' आणि 'त्सिपूरा' हे पांढऱ्या मांसाचे मासे आवडीने भाजतात. आपल्याकडे त्यांच्या जागी रायगडकरांचा लाडका जिताडा चांगला शोभतो. त्याचे कूळ वेगळे असले तरी मांस तसेच पांढरे व घट्ट असते. सुरमईही चालते. रोहू, कटला मात्र या पद्धतीला नकोत. त्यांच्या मांसातले बारीक काटे जेवणाची मजा घालवतात.

हंगामाचेही भान हवे. यांत्रिक नौकांना पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही दरवाजे बंद! या काळात तळ्यांत वाढवलेला जिताडा हा चांगला पर्याय ठरतो. चेन्नईच्या केंद्रीय खारपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने त्याच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे.

'प्लाकी' हा प्रकार घरी करण्यास सर्वांत सोपा. चार माणसांसाठी पाऊण किलो माशाच्या अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्या घ्याव्यात. दोन कांदे उभे चिरून अर्धी वाटी ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ करावेत. त्यात लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, चार चिरलेले टोमॅटो, मीठ आणि चमचाभर ओरेगानो घालून रस आटू द्यावा. ओरेगानो नसेल तर चिमूटभर ओवा हाताने चुरून घालावा. दोहोंत थायमॉल हे सुगंधी द्रव्य असते, पण ओवा जहाल असल्याने हात आखडताच ठेवावा. हे मिश्रण ओव्हनच्या भांड्यात पसरून वर तुकड्या मांडाव्यात आणि १९० अंश सेल्सिअसवर सुमारे २० मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास झाकण ठेवलेल्या पसरट कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटांत काम होते. काट्याने टोचल्यावर मांस पाकळ्यांसारखे सुटले, की आच बंद करावी.

लिंबू शेवटीच पिळायचे. मासा आधीपासून लिंबाच्या रसात मुरत ठेवला, तर आम्लाने बाहेरचे मांस आवळते आणि भाजल्यावर कोरडे लागते. नुसत्या भाजलेल्या माशासाठी तीन भाग तेल व एक भाग लिंबाचा रस घुसळून केलेले 'लादोलेमोनो' वरून ओततात. प्लाकीबरोबर भाताऐवजी जाड सालीचा पाव घ्यावा, कारण भांड्याच्या तळाशी उरलेला टोमॅटो-तेलाचा रस टिपून घ्यायला तोच लागतो.