टू बीएचके पाहिजे, चौघी आहोत

फायनल इयरला हॉस्टेल मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून दर मे-जूनमध्ये आपल्यातल्या टोळ्या कराडभर पाट्या वाचत हिंडतात. मागच्या वर्षी आम्ही चौघी हिंडलो. कॉन्व्हेंटमध्ये मी मराठी सेकंड लँग्वेज म्हणून शिकले, पण 'अनामत' आणि 'फक्त फॅमिलीलाच' हे शब्द या गावाने शिकवले.

छोट्या गावात एजंटपेक्षा इस्त्रीवाला कामाचा. कोण घर सोडणार हे त्याला पाटी लागायच्या आधी कळतं, कारण जाणारा माणूस त्याचा हिशेब आधी मिटवतो. त्याच्याखालोखाल पिठाची गिरणी आणि मेसच्या काकू. पाटीवर टू बीएचके असलं तरी आत जाऊन बघा. दुसरी बेडरूम म्हणजे कधीकधी काचा लावलेली गॅलरी निघते.

कृष्णेपलीकडे विद्यानगरला कॉलेज जवळ, म्हणून भाडं चढं. कोयनेपलीकडे मलकापूर चोवीस तास पाण्यासाठी प्रसिद्ध, पण तिथे पाण्याला मीटर आहे, तेव्हा ते बिल कोण भरणार हे आधीच विचारा. विजेचं तर नक्कीच. मालकाचं आणि तुमचं मिळून एकच मीटर असेल तर युनिटं एकत्र मोजली जातात, आणि १०० युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो. मग तुम्ही दोन ट्यूब लावल्या तरी भरायचं वरच्या मजल्यावरच्या एसीच्या हिशेबाने! स्वतंत्र मीटर असलेलं घर पाचशे रुपये महाग पडलं तरी घ्यावं असं माझं मत.

आता खरा मुद्दा. सगळे मालक म्हणतात, "अकरा महिन्यांचाच करार, रजिस्टर कशाला? स्टॅम्पवर लिहू." हे अकरा महिन्यांचं प्रकरण आलं १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक अकरावर थांबले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार इथे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मग महिने कितीही असोत. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि लेखी करारच नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. हे वाक्य मालकाला नम्रपणे ऐकवायचं. लगेच पेन सापडतं.

खर्च म्हणाल तर फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे नऊ हजार भाड्याला अकरा महिन्यांच्या ९९,००० वर हिशेबाने अडीचशेच्या आसपास. परत मिळणाऱ्या अनामतीवर व्याज धरून थोडी भर पडते. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या काम होतं. अनामत किती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत, हे त्यात आकड्यांत लिहून घ्या. "बघू नंतर" लिहून घेऊ नका.

आमचे मालक म्हणाले, "पोरींनो, विश्वास नाही का?" मैत्रीण म्हणाली, "आहे ना काका, तोच लिहून ठेवू." काका हसले आणि अर्धी फी त्यांनीच दिली.

हो, पंखे, नळ, गिझर यांची यादी कराराला जोडा आणि पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढा. सोडताना खिळे मोजतात.