दोर तुटला तिथून

सुनेला जुळं झालं. मुलगा जन्मताच गेला, आईही गेली, मुलगी तेवढी वाचली. आजोबांना वंशाचा दिवा हवा होता, नातीकडे त्यांनी पाठच फिरवली. तिच्या बापाने मग हट्टाने मुलीला थेट मूळपुरुषाचंच नाव देऊन टाकलं: पाइकेआ. न्यूझीलंडमधल्या माओरी वस्तीत घडणारा ‘व्हेल रायडर’ असा सुरू होतो, आणि म्हाताऱ्याचं दुखणं मराठी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सप्टेंबर २००२ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला आणि तिथल्या प्रेक्षकांनी त्यालाच कौल दिला. पॅसिफिकमधल्या बेटांवरची मुलं आपल्या पूर्वजांचा माग काढताहेत, असे घरच्या सगळ्यांनी मिळून पाहण्याजोगे आणखीही सिनेमे पुढच्या वीसेक वर्षांत आले. ते ओळीने आठवू लागलं की जाणवतं, वारशाच्या दारात उभं असलेलं वडीलधारं माणूस दर वेळी वेगळं आहे.

‘व्हेल रायडर’मधले कोरो आजोबा दार अडवून उभे आहेत. हवाइकी या पूर्वजांच्या मूळभूमीहून देवमाशाच्या पाठीवर बसून आलेला पाइकेआ हा या लोकांचा पूर्वज, आणि नवा म्होरक्या त्याच्याच वंशातल्या थोरल्या मुलातून निघणार, ही रीत. एका दृश्यात कोरो होडीचं इंजिन दुरुस्त करत बसलेत. आपण आलो कुठून, असं नात विचारते. ते हातातला दोर दाखवतात: हे पीळ बघ, एकेक पीळ म्हणजे एकेक पूर्वज. मग तोच दोर इंजिनाला गुंडाळून ओढतात आणि तो तुटतो. म्हातारा दुसरा दोर आणायला जातो. तेवढ्यात पोरगी तुटकी टोकं जोडते, ओढते, इंजिन धडधडायला लागतं. परत आलेले आजोबा शाबासकी देत नाहीत. पुन्हा असं करायचं नाही, म्हणून बजावतात. सबंध सिनेमा या दोन मिनिटांत आहे. शेवटाकडचे किनाऱ्याला लागलेले देवमासे भव्य आहेत खरे, पण मला विचाराल तर दोरावरच काम भागलं होतं.

दिग्दर्शक निकी कॅरो स्वतः माओरी नाही, मूळ कादंबरी मात्र विटी इहिमाएरा या माओरी लेखकाची, १९८७ सालची. चित्रीकरणही कथेतल्याच गावी, फांगाराला झालं. पाइकेआ झालेल्या केइशा कॅसल-ह्यूजला तेराव्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. त्या गटात तोवर इतक्या लहान वयाची कुणी नव्हती.

त्याच २००२ साली डिस्नेचा ‘लिलो अँड स्टिच’ही आला. ‘ओहाना’ हा कुटुंबासाठीचा हवाईयन शब्द त्याने जगभर पोचवला. (आपल्याकडे भाऊबंद म्हटलं की मागोमाग भाऊबंदकी येते, तशी सोय त्या शब्दात दिसत नाही.) पण तिथे वारसा पार्श्वभूमीला आहे, बाकी धमाल परग्रहावरच्या प्राण्याची.

‘मोआना’ यायला २०१६ उजाडलं. इथे गावचा प्रमुख असलेला बाप मुलीला खडकांच्या कड्यापलीकडे जाऊ देत नाही, आणि आजी तिला गुपचूप गुहेत नेऊन पूर्वजांच्या मोठ्या होड्या दाखवते. सागरी प्रवास विसरून गेलेले लोक ही कल्पना हवेतली नाही. पश्चिमेकडच्या बेटांवर वस्ती झाल्यावर पूर्वेकडे सरकायला पॉलिनेशियन लोकांना हजाराहून अधिक वर्षं लागली, असं अभ्यासक मानतात. पुढे हवाईत ताऱ्यांवरून वाट काढण्याची विद्याही लोपली. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी कसल्याही उपकरणाशिवाय हवाईहून ताहितीला पोचली, पण ती नेणारा वाटाड्या माऊ पियाइलुग मायक्रोनेशियातल्या साटावाल बेटावरून बोलवावा लागला होता. हवाईतल्या माणसाने, नायनोआ थॉम्प्सनने, तीच वाट १९८० मध्ये काढली. दोर तुटतो आणि कुणीतरी टोकं जोडतं, ते प्रत्यक्षातही घडलं होतं.

डिस्नेने सल्ल्याला बेटांवरची जाणकार मंडळी घेतली, ओपेताइया फोआईकडून गाणी करून घेतली. तरी सिनेमातल्या माउई या पात्राच्या गोंदणांचा पोशाख लहान मुलांसाठी विकायला काढलाच. ओरड झाल्यावर तो मागे घेतला. पुढे सिनेमाच्या ताहितीयन, माओरी आणि हवाईयन आवृत्त्या निघाल्या. मला पोशाखापेक्षा त्यांचं मोल जास्त वाटतं, कारण आपल्या घरची भाषा पडद्यावरच्या नायिकेच्या तोंडी ऐकणं ही लहान पोराला कुणी सांगून कळायची गोष्ट नव्हे.

आणि २०२१ मधला नेटफ्लिक्सचा ‘फाइंडिंग ओहाना’. दिग्दर्शक ज्यूड वेंग. सिनेमा म्हणून सगळ्यांत हलका, १९८५ च्या ‘द गूनीज’ची खजिनाशोधाची वाट सरळसरळ चोखाळणारा, त्यातला तेव्हाचा पोरगा के हुई क्वान इथेही डोकावून जातो. पण इथे आजोबांचं दार सताड उघडं आहे. आत यायला नाखूश आहेत ती ब्रुकलिनमध्ये वाढलेली नातवंडं. थोरल्याला आपलं इओआने हे नावसुद्धा नको, तो नुसता ‘ई’ म्हणवून घेतो. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या आजोबांच्या जमिनीचा कर थकलाय, तो फेडायला धाकटी पिली एका जुन्या रोजनिशीच्या आधाराने खजिन्याच्या मागे लागते. खजिना सापडतो तो पूर्वजांच्या अस्थी ठेवलेल्या जागी. कोरोने नातीला जे शिकू दिलं नव्हतं ते या शहरी पोरीला तिथे कुणी न सांगता कळतं, आणि कर थकलेला असूनही ती सोन्याला हात लावत नाही.